न धुतलेली ताटली: इंग्लंडच्या खेड्यातल्या जुन्या आठवणी कशा ऐकायच्या

मागच्या दिवाळीत शेजारच्या बाईंना चकल्या आणि करंज्या नेऊन दिल्या. दोन दिवसांनी ताटली परत आली ती तशीच, चकलीचा चुरा आणि तुपाचे डाग असलेली. मी जरा गोंधळलेच. आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चमचाभर साखर तरी घालतात. इथे तर ते घासलंही नव्हतं. माझा चेहरा बघून बाई हसल्या. म्हणाल्या, "अगं, डुकराची ताटली धुवायची नसते."

करंजीत डुक्कर नव्हतं हे त्यांनाही ठाऊक होतं. पण शेजारून खाण्याची ताटली आली की ती न धुता परत करायची, ही सवय त्यांच्या हाताला लहानपणापासून लागलेली. बाई आता नव्वदीला टेकल्यात. आम्ही राहतो ते गाव लिंकनशरमध्ये, वोल्ड्स नावाच्या बुटक्या टेकड्यांच्या कुशीत. बाईंचं सगळं आयुष्य याच गावात गेलं, आणि त्यातली पहिली पंधरा-सोळा वर्षं तर मी आज राहते त्याच घरात.

इंग्लंडमधल्या त्या पिढीच्या लोकांशी गप्पा मारल्या की १९४०-५० च्या खेड्याचं एक ठरावीक चित्र समोर येतं. अंगणातला पंप, बागेच्या टोकाला संडास, शेतातले घोडे, रेशनची पुस्तकं, आणि शेवटी हमखास एक वाक्य: "गरिबी होती, पण सगळे एकमेकांना धरून होते." बरीच वर्षं मी हे वाक्य म्हातारपणाचा गोडवा म्हणून सोडून देत असे. ताटलीनंतर मात्र मी नीट विचारायला लागले. हे धरून राहणं चालायचं कसं? कशाच्या जोरावर?

सुरुवात डुकरापासूनच करावी लागेल.

लिंकनशरमध्ये शेतमजुराच्या घरामागे विटांची एक बुटकी खोली असे, डुकरासाठी. वसंतात पिल्लू विकत आणायचं, त्याला बटाट्याच्या साली, बागेतला पाला, थोडं पीठ घालून पोसायचं. थंडी पडली की कापायचं. जनावर वीस स्टोनपर्यंत, म्हणजे सव्वाशे किलोच्या वर जाई. आज मांस बिनचरबीचं हवं असतं, तेव्हा चरबीला मान होता. घोड्यांमागे दिवसभर चालणाऱ्या माणसाला ती लागायचीच. कापणारा माणूस सायकलवरून सुऱ्या घेऊन येई. घरातल्या बाईने पहाटे उठून मोठ्या चुलाण्यात पाणी उकळून ठेवायचं, कारण केस खरवडायला ते लागे. मग दोन-तीन दिवस घरात पाय ठेवायला जागा नसे. मांड्या आणि बरगडीकडचे मोठे तुकडे मिठात आणि सोऱ्यात पुरायचे, आठवडे गेले की काढून छताच्या हुकाला टांगायचे. चरबी वितळवून मडक्यात भरायची. सेज नावाचा पाला घालून हॅस्लेट नावाचा, पावासारखा मांसाचा गोळा भाजायचा. मानेच्या तुकड्याला चिरा देऊन त्यांत पार्सली ठासून भरायची, ती तर या जिल्ह्याची खासियत. मूत्राशय फुगवून पोरं फुटबॉल खेळायची. किंचाळणं सोडून डुकराचं काहीही वाया जात नाही, असं इथले लोक म्हणत.

पाळी चालू असलेल्या बाईने खारवायच्या मांसाला हात लावायचा नाही, नाहीतर ते नासतं, अशीही पक्की समजूत होती. लोणच्याच्या बरणीला शिवू न देणाऱ्या माझ्या आजीचं आणि या लोकांचं चांगलं जमलं असतं, मांसाहार सोडून.

आता अडचण बघा. खारवलेलं मांस वर्षभर टिकतं. पण कलेजी, गुर्दे, आतड्यावरची जाळीदार चरबी हे सगळं दोन-तीन दिवसांत खाल्लं नाही तर फेकायचं. फ्रिज ही १९५० च्या दशकातही थोड्याच घरांतली चैन होती. आणि एका घराने खाऊन खाऊन किती खायचं? मग ताटल्या निघत. प्रत्येक ताटलीत कलेजीचा एक तुकडा, गुर्द्याचा एक, थोडी चरबी. पोरांच्या हाती त्या आठ-दहा घरी जायच्या. पुढच्या पंधरवड्यात दुसऱ्या घरी डुक्कर कापलं की तिथून ताटली यायची. आपल्याला हे समजायला सोपं आहे, कारण ही सरळसरळ भिशी आहे. पैशांच्या जागी कलेजी. सगळ्यांनी एकाच दिवशी डुक्कर कापलं असतं तर भिशी बुडाली असती, म्हणून कोणी कधी कापायचं हे आपसात बोलून ठरे.

ताटली धुतली तर ज्या घरून आली त्या घरचं मांस नीट मुरत नाही, असं म्हणत. माझा आपला एक अंदाज: धुतलेली ताटली म्हणजे चुकता झालेला हिशेब. न धुतलेली ताटली सांगते की खातं उघडं आहे, आता माझी पाळी. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "असेल. आम्ही आईच्या भीतीने धुवत नव्हतो."

या भिशीचं मोल युद्धाने वाढवलं. ८ जानेवारी १९४० ला ब्रिटनमध्ये बेकन (म्हणजे हेच खारवलेलं डुकराचं मांस), लोणी आणि साखरेचं रेशनिंग सुरू झालं, मग एकेक करत मांस, चहा, चीज, अंडी, गोळ्या-चॉकलेटं. आकडे वर-खाली होत, पण साधारण माणशी आठवड्याला बेकन सव्वाशे ग्रॅमच्या आत, लोणी पन्नास-साठ ग्रॅम, साखर पाव किलोच्या आसपास, अंडं एक. मुंबईतही १९४३ पासून रेशन होतं, त्यामुळे आपल्या आजी-आजोबांना रांग नवी नव्हती. फरक असा की ब्रिटनमध्ये पुस्तक श्रीमंतालाही तेच होतं, आणि प्रत्येक घराने एका ठरावीक दुकानदाराकडे नाव नोंदवायचं. गावात वाणी एकच असेल तर तो किती मोठा माणूस झाला असेल याची कल्पना करा.

सरकारने घरगुती डुकराला उत्तेजन दिलं, पण अटी घातल्या. घरचं डुक्कर कापायचं तर परवाना काढायचा, वर्षाला दोनच, आणि आपल्या बेकनच्या कुपनांवर पाणी सोडायचं. बदल्यात डुकरासाठी थोडं पीठ मिळे. तिसरं डुक्कर कुठे लपवलं होतं याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत, आणि त्यातल्या निम्म्या तरी गावच्या पोलिसाने त्याच डुकराचं मांस खाल्लं अशाच संपतात.

एक गोष्ट लोकांना चमत्कारिक वाटते: पाव युद्धात रेशनवर कधीच नव्हता. तो आला युद्ध जिंकल्यावर, जुलै १९४६ मध्ये, आणि दोन वर्षं राहिला. देश कर्जात बुडालेला, जगात गव्हाची टंचाई. गोळ्या-चॉकलेटं खुली झाली फेब्रुवारी १९५३ मध्ये, आणि मांस सगळ्यात शेवटी, ४ जुलै १९५४ ला. म्हणजे १९३६ साली जन्मलेल्या पोरीचं अख्खं बालपण रेशनमध्ये गेलं. त्या पिढीला "युद्धात" कमी खायला मिळायचं असं म्हणताना ऐकलं तर सन विचारावा. बऱ्याचदा ती आठवण १९४७ किंवा १९५० ची निघते.

खेड्यात शहरापेक्षा पोटाला बरं मिळायचं, हेही खरं. बागेत बटाटे-कांदे, परसात कोंबड्या, कुंपणापाशी लावलेल्या फासात ससा. सशाचं मांस हे गरिबाचं मांस. १९५३ मध्ये केंटमध्ये सशांचा मिक्सोमॅटोसिस रोग आला आणि दोनेक वर्षांत देशातले बहुतेक ससे मेले. शेतकरी खूश झाले. बाई म्हणतात, त्यानंतर त्यांच्या घरात ससा शिजला नाही. डोळे सुजलेली ती जनावरं रस्त्यावर बघितल्यावर कोणाची वासनाच उरली नव्हती.

डुकरासाठी पाणी उकळायचं ते चुलाणं म्हणजे इथल्या भाषेत 'कॉपर'. मागच्या खोलीत विटांच्या चौथऱ्यात बसवलेलं मोठं भांडं, खाली जाळ. सोमवारी त्यात कपडे उकळत, नाताळात त्यातच पुडिंग शिजे. सोमवार हा देशभर धुण्याचा वार. रविवारी दुपारी मांस भाजलेलं असे, सोमवारी ते थंडच कापून वाढता येई, म्हणजे बाईला दिवसभर धुण्याला मोकळीक. पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात नीळ. ही नीळ बनवणारी रेकिट कंपनी हंबर नदीपलीकडच्या हल शहरातली. आपल्याकडची रॉबिन नीळ त्याच घराण्यातली. नंतर दोन लाकडी रुळांच्या यंत्रात घालून कपडे पिळायचे. ते यंत्र मी बाईंच्या शेडमध्ये पाहिलं. त्याचा दांडा फिरवून बघितला. दोन फेऱ्यांत माझा खांदा भरून आला.

आणि यातलं प्रत्येक थेंब पाणी पंपावरून बादलीने आणलेलं. हे वाचून मराठी बाईला आश्चर्य वाटणार नाही, पण देश कुठला ते लक्षात घ्या. लंडनमध्ये भुयारी रेल्वे १८६३ पासून धावत होती, आणि १९४० च्या दशकात हजारो खेड्यांतल्या घरांत नळ नव्हता. कारण साधं आहे. नळ आणि विजेचा खर्च मैलावर मोजला जातो, वसुली घरांवर. चाळीस घरांच्या गावापर्यंत पाच मैल नळ टाकायचा तर गरीब ग्रामीण कौन्सिलला परवडत नाही, आणि खाजगी वीज कंपनीला त्यात नफा दिसत नाही. आपल्याकडे दिल्लीहून पैसा आला की कामं होतात, तशीच इथली कोंडी फुटली ती लंडनहून सरकारी पैसा आल्यावर. १९४४ च्या कायद्याने ग्रामीण पाणी आणि सांडपाण्याला सरकारी अनुदान मिळालं, १ एप्रिल १९४८ ला वीज राष्ट्रीयीकृत झाली. या मागणीसाठी विमेन्स इन्स्टिट्यूट या खेड्यापाड्यांतल्या महिला मंडळाच्या बायकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. लोकांना ही संस्था फक्त जॅम करणारी वाटते. जॅमही त्यांनी युद्धात हजारो टन केला, पण पाणी कोण वाहतं हे त्यांना ठाऊक होतं, मंत्र्यांना नव्हतं.

वीज येईपर्यंत रेडिओ काचेच्या ओल्या बॅटरीवर चाले. ती आठवड्याला गॅरेजमध्ये भरायला द्यायची, आत आम्ल, त्यामुळे पोरांना ताकीद: हिंदकळवायची नाही. संडास म्हणजे फळीला भोक आणि खाली बादली. काही गावांत कौन्सिलची गाडी ती रिकामी करायला येई, तिला लोक लव्हेंडर गाडी म्हणत. आमच्याकडे गाडी नव्हती. बाईंच्या वडिलांचे कांदे जिल्ह्याच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवायचे, एवढंच सांगते.

आता त्या गोष्टीकडे येते जी मला सगळ्यात उशिरा कळली, कारण आठवणी सांगताना लोक ती गृहीत धरतात. घर कोणाचं होतं?

मराठी माणूस खेडं म्हटलं की गरिबाचंही स्वतःचं घर डोळ्यांसमोर आणतो. पडकं असेल, पण वाडवडिलांचं. इंग्लंडच्या या भागात तसं नव्हतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटच्या कायद्यांनी गावाची सामाईक जमीन आणि पट्टे मोडून कुंपणं घातली गेली, आणि लहान माणसाचा जमिनीशी संबंध उरला तो रोजंदारीचा. उतरंड तीन पायऱ्यांची: वर जमीनदार, मधे त्याची जमीन खंडाने करणारा शेतकरी, खाली मजूर. मजुराला राहायला घर मिळे ते शेताचं. याला 'टाईड कॉटेज' म्हणत, कामाला बांधलेलं घर. भाडं किरकोळ किंवा नाहीच. पण काम सोडलं, मालकाशी भांडण झालं, कंबर मोडली, की घर सोडायचं. नवरा मेला तर विधवेनेही. या मजुरांना घरातून सहज काढता येऊ नये असा धड कायदा व्हायला १९७६ साल उजाडलं.

हे कळल्यावर जुन्या आठवणींमधली बरीच कोडी सुटतात. मजुरांची संघटना इतकी दुबळी का? युनियनच्या सभेला गेलेल्या माणसाचं घर मालकाच्या किल्लीवर होतं. काही मालक मजुराला डुक्करही पाळू देत नसत, आपल्या कोठारातलं धान्य त्याला जाईल म्हणून. शेतकऱ्याच्या बायकोसमोर बाईंची आई इतकी गोड का बोलायची? "आई दारात एक बोलायची आणि स्वयंपाकघरात दुसरं," बाई म्हणाल्या. आणि एकमेकांना धरून राहण्याचंही तसंच. गावातली वीस घरं एकाच माणसाच्या पगारावर, एकाच माणसाच्या छपराखाली. शेजाऱ्याशी वाकडं घेऊन चालणार नव्हतं. उद्या मालकाने काढलं तर सामान ठेवायला शेजाऱ्याचीच पडवी.

ही रचना ट्रॅक्टरने मोडली. युद्धात अटलांटिकमध्ये धान्याची जहाजं बुडत होती, तेव्हा सरकारने कुरणं नांगरायला लावली आणि यंत्रं पुरवली. १९३९ मध्ये देशात छप्पन्न हजारांच्या आसपास ट्रॅक्टर होते, १९४६ पर्यंत दोन लाखांवर गेले. मग कॉव्हेंट्रीहून छोटा राखाडी फर्ग्युसन आला. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत असे पाच लाखांवर बनले. १९४७ च्या शेती कायद्याने पिकाला हमीभाव दिला, त्यामुळे शेतकऱ्याला यंत्रात पैसा घालायची भीती राहिली नाही. मळणीचं सांगायचं तर आधी वाफेचं इंजिन भाड्याने येई, दहा-बारा माणसं लागत, उंदीर चढू नयेत म्हणून सगळे विजारीचे पाय सुतळीने बांधून उभे. कापणी-मळणी एकदम करणारं कंबाईन यंत्र आल्यावर तेच काम दोघा-तिघांवर आलं.

बाईंचे वडील वॅगनर होते, म्हणजे घोड्यांवरचा मुख्य माणूस. मजुरांत मोठा मान. १९५० मध्ये शेवटचे दोन घोडे खाटकाच्या गाडीत चढले आणि वडिलांना फर्ग्युसनवर बसवलं. पहिल्याच आठवड्यात बांधाजवळ आल्यावर ते सवयीने "व्हो!" म्हणून ओरडले. ट्रॅक्टर काही थांबला नाही, कुंपण फोडून शेजारच्या टर्निपात. असा किस्सा इंग्लंडच्या प्रत्येक तालुक्यात ऐकू येतो, त्यामुळे तो इथे खरंच घडला की नंतर बाईंच्या आठवणीत येऊन बसला, मला सांगता येणार नाही. त्या मात्र कुंपणातली भोकाची जागा दाखवतात.

माणसं कमी लागू लागली आणि त्याच सुमारास गावाच्या कडेला कौन्सिलची, म्हणजे स्थानिक सरकारने भाड्याने द्यायला बांधलेली, घरं उठली. युद्धानंतरच्या मजूर पक्षाच्या सरकारात घरबांधणी अॅनायरिन बेव्हनकडे होती, आरोग्यसेवा उभी करणारा तोच, आणि कामगारांची घरं ऐसपैसच हवीत हा त्याचा हट्ट. आत नळ, आत न्हाणीघर. आजही खेड्यातून जाताना चर्च आणि जुनी घरं मधे आणि एकसारख्या जोडघरांची रांग वेशीवर दिसते, ती ही. बाईंचं कुटुंब १९५२ मध्ये त्यातल्या एका घरात गेलं. आईने नळ असूनही पुढची कित्येक वर्षं रात्री एक बादली भरून, वर ताट झाकून ठेवली. वडिलांनी सहा महिन्यांत शेत सोडलं आणि बीटपासून साखर काढणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली. घर आता मालकाचं नव्हतं, एवढंच कारण.

पुढचं भराभर झालं. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकरा वर्षांवरची पोरं गावच्या शाळेतून उठून बसने तालुक्याला जायला लागली. परीक्षेत पास झालेली थोडी 'ग्रामर' म्हणवणाऱ्या निवडक शाळेत, उरलेली दुसरीकडे. पाच ते चौदा वयाची पोरं एका शेगडीभोवती बसायची ती शाळा अर्धी झाली, मग बंद. २ जून १९५३ ला राणीचा राज्याभिषेक बघायला बावीस माणसं गावातल्या एकाच टीव्हीपुढे बसली; दहा वर्षांनी जो तो आपापल्या घरी. मार्च १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख डॉ. बीचिंग यांच्या अहवालाने २,३६३ स्टेशनं बंद करायची शिफारस केली. आमच्या जवळच्या लाउथ गावची प्रवासी गाडी १९७० मध्ये थांबली. आता रुळांच्या जागी लोक कुत्री फिरवतात.

फ्रिज आल्यावर डुकराची भिशी संपली हे वेगळं सांगायला नको. बाईंना त्याचं दुःख आहे का, विचारलं. "कलेजी मला कधीच आवडली नाही," त्या म्हणाल्या.

आमचं घर आता शेताचं नाही; आम्ही ते बँकेच्या कर्जाने घेतलंय. मागच्या खोलीच्या छताला दोन लोखंडी हूक अजून आहेत. एकाला मी आकाशकंदील लावते. दुसरा हलतो, त्याला काही टांगायचं धाडस होत नाही. दिवाळीत बाई चहाला आल्या तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, हा तर पहिल्यापासून हलतोय, म्हणून मोठी मांडी नेहमी डाव्या हुकाला. मी म्हटलं, वडील एवढे हाताने कुशल, मग एक खिळा ठोकून घट्ट का नाही केला?

"घर मालकाचं," बाई म्हणाल्या. "मालकाने ठोकायचा."